३२०० ची रॅम ३७३३ वर: अकोल्याचा जानेवारी आणि अकोल्याचाच मे

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात मी खोकं उघडून दाखवायला सांगितलं, तेव्हा काउंटरमागचे काका म्हणाले, "मॅडम, सीलबंद माल आहे, आत काय बघायचंय?" मला स्टिकवरचं पांढरं स्टिकर बघायचं होतं. क्रुशियल बॅलिस्टिक्स रॅम, आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक, डीडीआर४, ३२००, सीएल १६ (हे आकडे पुढे उलगडते). स्टिकरवरच्या मॉडेल क्रमांकात एक टिंब असतं आणि त्यापुढे काही अक्षरं असतात. माझ्या जोडीवर ती "एम८एफई१" अशी होती. त्यातल्या "ई"साठी मी अकोल्याहून विदर्भ एक्सप्रेसने रात्र काढून आले होते. "ई" म्हणजे क्रुशियलची मूळ कंपनी मायक्रॉन, तिच्या ८ गिगाबिट चिपची ई आवृत्ती, हौशी मंडळी तिला ई-डाय म्हणतात. काकांनी खोकं उघडलं, मी वाचलं, पैसे दिले. साडेसहा हजारांच्या आसपास पडली. ही गोष्ट ऑगस्ट २०२१ ची.

बॅलिस्टिक्स ही मालिका मायक्रॉनने २०२२ च्या सुरुवातीला बंद केली. आज कोणी घेईल तर वापरलेलीच घेईल. तरीही लिहिते आहे, कारण वापरलेल्या मालाच्या बाजारात ही स्टिक अजून फिरते, आणि ती कुठपर्यंत पळते हे मी एका बैठकीत न पाहता हिवाळ्यातही पाहिलं आणि उन्हाळ्यातही.

मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. मशीन साधंच आहे: रायझन ५ ३६००, बी४५० चिपसेटचा चार स्लॉटचा मदरबोर्ड. सकाळी त्यावर सर्किटचं सिम्युलेशन आणि लेक्चरचे व्हिडिओ, संध्याकाळी मुलाचे गेम. ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याचा, नाद प्रोसेसरपासून लागला, पण त्या प्रोसेसरमध्ये हाताने ओढण्यासारखं फारसं उरलेलं नसतं, कंपनीने आधीच ओढून घेतलेलं असतं. रॅममध्ये मात्र पुष्कळ शिल्लक असतं. आणि रॅममध्ये जे घडतं ते मी दरवर्षी फळ्यावर काढून शिकवते, त्यामुळे ते प्रत्यक्ष बघायची ओढ जास्त होती.

आकड्यांचं थोडं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. ३२०० म्हणजे सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा देवाणघेवाण. घड्याळाचा खरा वेग त्याच्या निम्मा, १६०० मेगाहर्ट्झ, कारण प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा जातो. सीएल १६ म्हणजे मागणी केल्यापासून डेटा निघेपर्यंत सोळा ठोके. १६०० मेगाहर्ट्झला सोळा ठोके म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० ला तेच सोळा ठोके ८.९ नॅनोसेकंदांत संपतात. म्हणून नुसता मोठा आकडा बघून रॅम घेऊ नये. ४००० ची सीएल २० वाली स्टिकसुद्धा त्याच १० नॅनोसेकंदांवर येऊन थांबते.

पहिल्यांदा मशीन चालू केलं तेव्हा रॅम २६६६ वर धावत होती, टायमिंग १९. हे असंच असतं. खोक्यावरचा ३२०० चा आकडा बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे कंपनीने स्टिकमध्येच भरून ठेवलेले वेगाचे आकडे, चालू केल्याशिवाय मिळत नाही. काही बोर्डांवर त्याचं नाव डीओसीपी असतं, काहींवर ए-एक्सएमपी. माझ्या ओळखीतल्या किती जणांनी पैसे ३२०० चे दिले आणि तीन-तीन वर्षं २६६६ वर काढली, हे पाहून वाईट वाटतं. एवढं एक काम तरी प्रत्येकाने आजच करावं. आणि दोनच स्टिक असतील तर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवाव्यात. माझ्यासारख्या बोर्डांवर ताराच तशा ओढलेल्या असतात, पहिला आणि तिसरा स्लॉट भरून तारेच्या टोकाचे रिकामे ठेवले तर सिग्नल तिथून परत उसळतो.

त्यानंतर ३६००. याच मालिकेत ३६०० ची जोडी वेगळी मिळायची, थोडी महाग. तिचं टायमिंग १६-१८-१८-३८ (पहिला आकडा सीएल, बाकीचे रॅमच्या इतर कामांना लागणारे ठोके) आणि व्होल्टेज १.३५. माझ्या ३२०० च्या जोडीचं टायमिंग १६-१८-१८-३६, व्होल्टेज तेवढंच. चिप तीच असेल तर ही जोडी तिच्या महागड्या बहिणीइतकी पळायलाच हवी, असा माझा हिशेब होता. बायोसमध्ये ३६०० टाकलं, फॅब्रिकचा (प्रोसेसरच्या आतल्या रस्त्याचा, त्याचं पुढे सांगते) वेग १८०० केला, बाकीचे आकडे त्या महाग जोडीचेच ठेवले. पडदा काळा झाला, पंखे फिरत राहिले, दहाएक सेकंद गेले आणि विंडोज आलं. वेळ मोजणाऱ्या सॉफ्टवेअरवर मेमरीची लेटन्सी, म्हणजे प्रोसेसरने मागितल्यापासून डेटा त्याच्या हाती पडेपर्यंतचा सगळा वेळ, ३२०० वरच्या ७६ नॅनोसेकंदांवरून ७२ च्या खाली आली. २६६६ वर हीच ८७ होती. व्होल्टेज एका कणानेही वाढवलं नव्हतं. या स्टिकचं खरं कौतुक मला इथेच वाटलं. ज्यांना रात्री जागवायच्या नाहीत त्यांनी इथे थांबावं, त्यांचं काही बिघडणार नाही.

मी थांबले नाही.

रायझनच्या या पिढीत प्रोसेसरचे आतले भाग ज्या रस्त्याने एकमेकांशी बोलतात त्या रस्त्याचा, म्हणजे इन्फिनिटी फॅब्रिकचा, वेग रॅमच्या घड्याळाशी जुळलेला असला की सगळं सुरळीत चालतं. हा मेळ तुटला की मेमरी कंट्रोलर निम्म्या वेगावर जातो आणि मधे थांबावं लागतं. तेव्हा रॅम कुठवर पळते हा एक प्रश्न आणि प्रोसेसर तिच्याबरोबर कुठवर पळतो हा दुसरा. लोक या दोघांची गल्लत करतात आणि बिचाऱ्या रॅमला बोल लावतात.

दोन्ही वेगवेगळं पाहायचं म्हणून आधी हा मेळ तोडून नुसती रॅम ढकलली. व्होल्टेज १.४५, टायमिंग सैल. ४००० ला विंडोज आलं. ४१३३ ला आलं आणि चाचणीही तासभर चालली. ४२०० ला विंडोज आलं पण चाचणी लावल्याबरोबर लाल ओळी, म्हणजे चुका. ४२६६ ला डिस्प्लेच नाही. एवढ्या किमतीची स्टिक बी४५० बोर्डावर ४१३३ पर्यंत जाते हे ऐकायला झकास वाटतं, पण त्या वेगाला लेटन्सी ७८ नॅनोसेकंद होती. ३२०० पेक्षाही जास्त! आकडा वाढला आणि मशीन मंदावलं. ४१३३ चा फोटो काढून मित्रमंडळींना पाठवण्यापलीकडे त्याचा काही उपयोग नाही.

मग रॅम आणि फॅब्रिकचा मेळ पुन्हा जुळवला. ३८०० ला फॅब्रिक १९०० लागतो. माझा प्रोसेसर १९०० ला उठतच नाही. सात-आठ वेळा प्रयत्न केला, दर वेळी पंखे फिरतात, पडदा काळा. मग बाजूचं दार काढायचं, बटन सेलशेजारच्या दोन पिनांवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून दहा सेकंद मोजायचे, बायोस मूळ जागी आणायचं, पुन्हा सगळे आकडे भरायचे. चौथ्या वेळेपासून मी आकडे कागदावर पेन्सिलने लिहून कॅबिनेटच्या दारावर आतून चिकटवले. १९०० चं हे दार काही प्रोसेसरना उघडतं, काहींना नाही. स्टिकचा त्यात दोष नाही.

म्हणून ३७३३. फॅब्रिक १८६६. व्होल्टेज १.४०, टायमिंग १६-१९-१६-३६. ई-डायचा स्वभाव इथे कळतो. पहिला आकडा, सीएल, व्होल्टेज दिलं की खुशाल खाली येतो. दुसरा आकडा, ओळ उघडण्याचा, व्होल्टेजला दाद देत नाही. १८ केला की चाचणीत चुका, १९ ला निर्धास्त, मग १.४० द्या नाहीतर १.४५. सॅमसंगच्या नावाजलेल्या बी-डायमध्ये हा आकडाही खाली येतो, पण तशी जोडी तेव्हा जवळपास दुप्पट पैशांना होती. लेटन्सी ६७.६. २६६६ पासून मोजलं तर जवळजवळ वीस नॅनोसेकंदांची कमाई.

राहता राहिला तो टीआरएफसी, आणि माझी खरी गोष्ट त्याच्यापाशी सुरू होते.

डीरॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, आणि तो गळका असतो. माठाला बाहेरून पाणी सुटतं तसा त्यातला भार झिरपत राहतो. म्हणून ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ एकदा वाचून पुन्हा भरावी लागते. त्यासाठी ८१९२ वेळा आज्ञा द्यावी लागते, म्हणजे दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एकदा. प्रत्येक आज्ञेनंतर जेवढा वेळ रॅम दुसरं काहीच करू शकत नाही, तो टीआरएफसी. ८ गिगाबिटच्या चिपसाठी प्रमाणित वेळ ३५० नॅनोसेकंद. ३७३३ ला ते ६५३ ठोके होतात. ई-डाय ३०० नॅनोसेकंदांपर्यंत, म्हणजे ५६० ठोक्यांपर्यंत, सहसा तक्रार करत नाही. मी जानेवारीत ५४० केला. रात्रीची वेळ होती, खोलीत २० अंश. टेस्टमेम५ हे चाचणीचं सॉफ्टवेअर एक्स्ट्रीम संरचनेवर लावलं, पावणेदोन तासांनी तीन फेऱ्या पूर्ण, चूक शून्य. मी कागदावर तारीख घालून "पक्कं" असं लिहिलं.

मार्चच्या अखेरीस विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांच्या फायली गोळा करून मी एक झिप केली. उघडताना सीआरसी एरर, म्हणजे आतला डेटा मूळ फाइलशी जुळत नाही. पुन्हा केली, या वेळी दुसऱ्याच फाइलवर तोच एरर. मूळ फायली पेनड्राइव्हवर होत्या म्हणून कोणाचं काम गेलं नाही. पण मला घाम फुटला. दोन महिन्यांत या मशीनवरून मी काय काय कॉपी केलं असेल? लेक्चरचे व्हिडिओ, गुणांच्या शीट, मुलाच्या लहानपणीचे फोटो नव्या डिस्कवर हलवलेले. गळका बिट ओरडून सांगत नाही. तो शून्याचा एक करतो आणि फाइल तशीच जतन होते. त्या रात्री मी सगळं जुन्या डिस्कशी ताडून पाहिलं. दोन व्हिडिओ आणि एक फोटो बिघडलेला निघाला. फोटोच्या खालच्या अर्ध्यावर करडी पट्टी आली होती. जुनी प्रत होती, तरी ती पट्टी माझ्या डोळ्यांपुढून बरेच दिवस हलली नाही.

बदललं काय होतं? खोली. मार्च संपता संपता अकोल्यात दुपारी चाळिशी गाठलेली असते. प्रयोगशाळेतला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावायचा मल्टिमीटर घरी आणला, पिवळ्या, उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने त्याचं टोक दुसऱ्या स्टिकच्या पत्र्यावर चिकटवलं. जानेवारीत हे केलं असतं तर बरं झालं असतं. खोली ३६ अंश, चाचणी सुरू केली तेव्हा पत्रा ४३ वर. पंचवीस मिनिटांनी ५१. एकतिसाव्या मिनिटाला पहिली लाल ओळ. मी चाचणी थांबवली नाही. आकडा ५३ झाला तेव्हा चुका सात होत्या. मग कॅबिनेटचं दार काढून छोटा टेबल फॅन समोर ठेवला. पत्रा उतरत उतरत ४४ वर आला आणि पुढचा अर्धा तास एकही नवी चूक नाही. फॅन बंद केला, वीस मिनिटांत पुन्हा चुका. इतक्या स्वच्छपणे एखादी गोष्ट डोळ्यांसमोर घडताना मी वर्गात कधी दाखवू शकले नव्हते. गरम झाल्यावर माठ जास्त पाझरतो, भरायला दिलेला वेळ मात्र मी कमी केला होता. एवढंच होतं ते.

टीआरएफसी ५४० वरून ५८० केला. त्याच खोलीत, त्याच ५३ अंशांना, तीन फेऱ्या शून्य चुका. लेटन्सी किती वाढली? ०.४ नॅनोसेकंद. मुलाच्या गेममध्ये, माझ्या सिम्युलेशनमध्ये, कुठेही जाणवणार नाही एवढी. त्या अर्ध्या नॅनोसेकंदासाठी मी दोन महिने फायली बिघडवत बसले होते.

मे महिन्यात बाहेर ४५ होतं तेव्हा पुन्हा लावलं, मुद्दाम दुपारी दोनला, कूलर बंद ठेवून. पत्रा ५६. मधे एकदा वीज गेली, इन्व्हर्टरने सांभाळलं. ५८० टिकला. नंतर एक रात्र पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चालवलं, तेही स्वच्छ. आता विश्वास बसला. ज्यांच्या गावात उन्हाळा आमच्यासारखा आहे त्यांनी हिवाळ्यातल्या चाचणीवर भरवसा ठेवू नये. उन्हाळ्यात पुन्हा चाचणी घेणं शक्य नसेल तर निदान कॅबिनेटचे पंखे थोडा वेळ बंद करून चाचणी घ्यावी, आणि कूलरचा ओला वारा थेट उघड्या कॅबिनेटवर सोडू नये.

चाचणीबद्दल आणखी थोडं. नवे आकडे भरल्यावर थेट विंडोजमध्ये जाऊ नका. आधी मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून एक फेरी चालवा. ते डिस्कला हात लावत नाही, त्यामुळे आकडे फारच चुकले असतील तर विंडोज तरी वाचतं. गेम तासभर चालला म्हणजे रॅम पक्की, असं माझा मुलगाही म्हणायचा. गेममध्ये एक बिट उलटला तर एखाद्या भिंतीचा रंग क्षणभर बदलेल, कळणारही नाही. आणि फॅब्रिक १८६६ ला नेलंत तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया (डब्ल्यूएचईए) नावाच्या, हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी येतात का तेही अधूनमधून बघा. त्या आल्या तर गडबड बहुधा रॅमची नसून फॅब्रिकची आहे. माझ्याकडे एकही आली नाही, फॅब्रिक आणि मेमरी कंट्रोलरला मिळणारं एसओसी व्होल्टेज १.१ आहे.

या सगळ्यातून मिळालं काय? फायली झिप करणाऱ्या सेव्हन-झिप सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या चाचणीत ३२०० च्या तुलनेत सात-आठ टक्के, कारण ते काम लेटन्सीवरच चालतं. मुलाच्या गेममध्ये सरासरी फ्रेम फारशा वाढल्या नाहीत, पण मधेच जे अडखळणं व्हायचं ते कमी झालं आणि तेच त्याने न विचारता सांगितलं. व्हिडिओ एन्कोड करायला लागणारा वेळ जवळजवळ तोच. मेमरीत लिहिण्याचा वेग या प्रोसेसरवर रॅमने वाढतच नाही असं नाही, पण एकाच सीसीडीच्या (कोअर असलेल्या एकाच तुकड्याच्या) रचनेमुळे तो वाचण्याच्या निम्म्यावरच अडतो, फॅब्रिकबरोबर वाढेल तेवढाच.

स्टिकबद्दल सांगायचं तर पत्रा साधा, दिवे नाहीत, उंची बेताची. मोठ्या एअर कूलरखाली विनातक्रार बसते. मला हेच हवं होतं. वापरलेली घेणार असाल तर विकणाऱ्याकडून स्टिकरचा फोटो मागवा आणि टिंबापुढची अक्षरं बघा. आठ जीबीच्या स्टिकवर "एम८एफई" दिसलं तर हीच चिप. सोळा जीबीच्या एका स्टिकवर "एम८एफबी" दिसेल, ती १६ गिगाबिटची वेगळी चिप आहे, तिचा टीआरएफसी वेगळा आणि मी लिहिलेले आकडे तिला लागू नाहीत. नवं मशीन घेणाऱ्यांची गोष्ट निराळी, तिथे डीडीआर५ आहे आणि व्होल्टेजचा कारभारही स्टिकवरच बसवलेल्या चिपकडे गेला आहे. शिवाय डीडीआर५ च्या चिपमध्ये आतल्या आत चूक दुरुस्त करायची सोय असते, म्हणजे काठावर आलेली रॅम लगेच तोंड उघडत नाही. तिथे चाचणी अधिक लांब घ्यावी लागते.

कॅबिनेटच्या दारावर आतून चिकटवलेला तो कागद अजून तसाच आहे. जानेवारीच्या ओळीवर मी काट मारली आहे. त्याखाली पेन्सिलने लिहिलंय: ३७३३, १६-१९-१६-३६, टीआरएफसी ५८०, १.४० व्होल्ट, खोली ३९, पत्रा ५६, चूक शून्य.